मोबाईल ॲप बनवायला शिकायचे आहे; लॅपटॉप घेताना पैसा नेमका कशावर घालावा?

बारावीचा निकाल लागतो, बीसीए, बीएस्सी संगणकशास्त्र किंवा अभियांत्रिकीला प्रवेश होतो आणि जळगाव, धुळे, नंदुरबार जिल्ह्यांतल्या अनेक घरांत एकच विषय निघतो: लॅपटॉप कोणता घ्यायचा? हा खर्च नेमका जून-जुलैत, खरिपाच्या बियाण्या-खतांसाठी पैसे मोकळे करावे लागतात त्याच दिवसांत येतो. त्यामुळे एकदा घेतलेले यंत्र अभ्यासक्रम संपेपर्यंत पुरले पाहिजे, ही घरच्यांची अपेक्षा अगदी रास्त आहे. दुकानात गेल्यावर मात्र आय-फाइव्ह, रायझन, डीडीआर-फाइव्ह, आरटीएक्स अशी नावे कानावर पडतात आणि त्यातले नेमके कशाला महत्त्व द्यायचे हे कोणी सांगत नाही.

त्यात २०२५ च्या अखेरीपासून रॅमच्या, म्हणजे चालू काम तात्पुरते ठेवणाऱ्या मेमरीच्या, भाववाढीची भर पडली आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी जगभर मोठमोठी डेटा सेंटर उभी राहत आहेत, त्यांना प्रचंड प्रमाणात मेमरी लागते आणि रॅमच्या चिप बनवणाऱ्या कंपन्या जगात मोजक्याच असल्याने त्यांनी आपले उत्पादन तिकडे वळवले. त्यांपैकी मायक्रॉन या कंपनीने तर किरकोळ ग्राहकांसाठीचा आपला ‘क्रुशियल’ हा ब्रँडच बंद करत असल्याचे डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. रॅम महागली की विक्रेते कमी रॅमचा लॅपटॉप पुढे करतात आणि ग्राहकालाही तो परवडणारा वाटतो. ॲप बनवायला शिकणाऱ्याच्या दृष्टीने हीच निवड सर्वांत महागात पडणारी आहे. ती का, हे समजण्यासाठी आधी लॅपटॉपला या कामात नेमके काय करावे लागते ते पाहू.

‘रन’चे बटण दाबल्यावर काय घडते

ॲप म्हणजे मुळात माणसाने लिहिलेला मजकूर असतो. अँड्रॉइड फोनसाठी तो आज प्रामुख्याने कोटलिन या भाषेत लिहितात. गुगलने २०१७ साली या भाषेला अधिकृत पाठिंबा दिला आणि २०१९ पासून तिलाच पहिली पसंती दिली. लिहिण्यासाठी अँड्रॉइड स्टुडिओ हे गुगलचे मोफत सॉफ्टवेअर वापरतात. परंतु आपण लिहिलेला मजकूर फोनला जसाच्या तसा कळत नाही. तो यंत्राच्या भाषेत उतरवावा लागतो, त्यात चित्रे आणि इतरांनी लिहून ठेवलेले तयार भाग जोडावे लागतात आणि शेवटी सगळे मिळून फोनवर बसेल अशी एक फाइल तयार करावी लागते. या साऱ्या कामाला बिल्ड म्हणतात आणि अँड्रॉइडमध्ये ते ग्रेडल नावाचा प्रोग्रॅम पार पाडतो.

बिल्ड झाल्यावर ॲप चालवून पाहायचे असते. त्यासाठी लॅपटॉपच्या पडद्यावर एक अख्खा खोटा फोन उभा करता येतो. त्याला एम्युलेटर म्हणतात. ते फोनचे केवळ चित्र नसते. त्याच्या पोटात खरीखुरी अँड्रॉइड प्रणाली चालू असते. म्हणजे एका लॅपटॉपवर एकाच वेळी विंडोज, अँड्रॉइड स्टुडिओ, ग्रेडल, अँड्रॉइडचा फोन आणि शिकवणीचा व्हिडिओ उघडलेला ब्राउझर अशी पाच जड कामे चालू असतात.

हे दिवसातून एकदा होत असते, तर यंत्र थोडे मंद असले तरी बिघडले नसते. पण शिकणारा विद्यार्थी बटणाचा रंग बदलतो आणि बिल्ड करतो, एक ओळ सुधारतो आणि पुन्हा बिल्ड करतो. हे चक्र वीस सेकंदांत पुरे झाले तर विचाराची साखळी तुटत नाही. तेच तीन मिनिटे लागले, तर तेवढ्यात हात फोनकडे जातो आणि आपण काय तपासत होतो हेही डोक्यातून निघून जाते. मंद लॅपटॉपवर शिकणाऱ्या कित्येक मुलांना ‘आपल्याला प्रोग्रॅमिंग जमत नाही’ असे वाटू लागते, हे या विषयातले सर्वांत वाईट नुकसान आहे, आणि ते टाळता येण्यासारखे आहे.

खळे, कोठी आणि माणसे

लॅपटॉपच्या तीन मुख्य भागांचे काम दादरच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, मळणीवरून चांगले लक्षात येते. रॅम हे खळे: जेवढे काम हाताखाली आहे तेवढा माल तिथे पसरलेला असतो. एसएसडी ही घरातली कोठी: माल कायमचा साठवण्याची जागा, मात्र खळ्यापासून लांब. प्रोसेसरचे, म्हणजे सारे हिशेब करणाऱ्या मुख्य चिपचे, कोअर ही काम करणारी माणसे. खळे लहान असेल, तर आणखी चार माणसे लावून उपयोग होत नाही. अर्ध्या कणसांच्या राशी उचलून कोठीकडे नेऊन ठेवाव्या लागतात, पुन्हा लागतील तेव्हा परत आणाव्या लागतात आणि माणसांचा सारा दिवस या ने-आणीतच जातो.

रॅम कमी पडते तेव्हा लॅपटॉपमध्येही हेच घडते. प्रणाली रॅममधला मजकूर एसएसडीवर नेऊन ठेवते आणि लागेल तसा परत आणते. एसएसडी कितीही वेगवान असली तरी ती रॅमहून पुष्कळच संथ असते, त्यामुळे पडद्यावरचा बाण अडखळू लागतो आणि एम्युलेटर गोठल्यासारखा दिसतो. पुष्कळदा यावरून प्रोसेसरला दोष दिला जातो. वास्तविक त्याच्या हातात त्या क्षणी काहीच काम नसते.

आठ जीबी रॅममध्ये भागणार नाही का?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो, म्हणून सरळ बेरीज करू. विंडोज ११ आणि तिच्यासोबत सुरू होणारे किरकोळ प्रोग्रॅम मिळून साधारण तीन जीबी रॅम घेतात. अँड्रॉइड स्टुडिओ दीड ते दोन जीबी घेतो. नवा प्रकल्प तयार केला की ग्रेडलला दोन जीबीपर्यंत रॅम वापरण्याची मुभा आधीच लिहून दिलेली असते आणि कोटलिनचे रूपांतर करणारा भाग त्यावर आणखी काही घेतो. एम्युलेटर दोन ते तीन जीबी घेतो. ब्राउझरच्या चार-पाच टॅबला आणखी एक जीबी धरावा. बेरीज अकरा-बाराच्या घरात जाते. गुगलच्या स्वतःच्या सूचनाही याला जुळणाऱ्या आहेत: केवळ अँड्रॉइड स्टुडिओसाठी किमान ८ जीबी आणि एम्युलेटरसह वापरायचे असेल तर १६ जीबी.

म्हणून उत्तर असे की, ८ जीबीत शिकता येते, पण एम्युलेटर बाजूला ठेवून. आणि सुखाने काम करायचे तर १६ जीबी हवेत. ३२ जीबी असतील तर उत्तमच, परंतु विद्यार्थ्याने त्यासाठी कर्ज काढू नये.

याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे, आणि या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवावी. रॅम पुढे वाढवता येते की नाही, हे खरेदीपूर्वी विचारलेच पाहिजे. काही लॅपटॉपमध्ये रॅमची पट्टी खाचेत बसवलेली असते. ती काढून मोठी टाकता येते किंवा शेजारच्या रिकाम्या खाचेत दुसरी बसवता येते. हल्लीच्या पातळ लॅपटॉपमध्ये मात्र रॅमच्या चिप मुख्य बोर्डावर कायमच्या डाखलेल्या असतात, आणि ८ जीबी म्हणजे मग जन्मभर ८ जीबीच. आज रॅम महाग असताना १६ जीबीचा लॅपटॉप बजेटबाहेर जात असेल, तर ८ जीबीचा पण रिकामी खाच असलेला घ्यावा आणि भाव उतरतील किंवा हातात पैसे येतील तेव्हा दुसरी पट्टी बसवावी. हा पर्याय डाखलेल्या ८ जीबीच्या चकचकीत लॅपटॉपपेक्षा शतपटीने शहाणपणाचा आहे.

खरा फोन हाताशी असताना खोटा फोन कशाला?

कमी रॅमवर शिकणाऱ्यांसाठी हा मार्ग इतका उपयोगी आहे की तो पहिल्याच दिवशी शिकवला पाहिजे. एम्युलेटर सुरू न करता ॲप थेट आपल्या खऱ्या फोनवर चालवता येते. फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’ उघडावे, तिथली ‘बिल्ड नंबर’ ही ओळ सात वेळा दाबावी. काही कंपन्यांच्या फोनवर ही ओळ थोड्या वेगळ्या नावाने असते. ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ हा एरवी लपलेला विभाग मग सेटिंग्जमध्ये दिसू लागतो. त्यातले ‘यूएसबी डीबगिंग’ चालू करून फोन केबलने लॅपटॉपला जोडला की पडद्यावर परवानगी विचारली जाते, ती द्यावी. अँड्रॉइड स्टुडिओच्या वरच्या पट्टीत आता आपल्या फोनचे नाव दिसते आणि ‘रन’ दाबल्यावर ॲप थेट हातातल्या फोनवर उघडते. अँड्रॉइड ११ किंवा त्यापुढचा फोन असेल तर हे केबलशिवाय, एकाच वाय-फायवरूनही होते. केबल मात्र केवळ चार्जिंगची नसावी, डेटा नेणारी असावी. पुष्कळांचा पहिला दिवस या एका कारणाने वाया जातो.

वर्गात किंवा सादरीकरणात फोनचा पडदा लॅपटॉपवर दाखवायचा असेल तर ‘स्क्रसीपीवाय’ (scrcpy) हा मोफत प्रोग्रॅम ते काम फारशी रॅम न खाता करतो. खऱ्या फोनचे आणखीही फायदे आहेत. कॅमेरा, जीपीएस, बोटांचा स्पर्श आणि उन्हात पडदा वाचता येतो की नाही, हे सारे त्यावरच खरे कळते. शेतकऱ्यासाठी केळीच्या भावाचे ॲप बनवायचे असेल तर ते रावेर-यावलच्या बागेत, अधूनमधून रेंज जाणाऱ्या फोनवर कसे चालते हे एम्युलेटर सांगू शकणार नाही.

मग एम्युलेटर पूर्णपणे निरुपयोगी आहे का? नाही. वेगवेगळ्या आकाराच्या पडद्यांवर आणि अँड्रॉइडच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांवर ॲप तपासायला तो लागतोच. तो वापरण्यापूर्वी लॅपटॉपच्या बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होताना दिसणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, व्हर्च्युअलायझेशन चालू असल्याची खात्री करावी. प्रोसेसरला एकाच यंत्रावर दुसरी प्रणाली वेगाने चालवू देणारी ही सोय बंद असेल, तर चांगला लॅपटॉपही एम्युलेटरपुढे हात टेकतो. विंडोजची महागडी प्रो आवृत्ती यासाठी लागत नाही. होम आवृत्तीवरही एम्युलेटर उत्तम चालतो.

प्रोसेसरच्या नावातले आकडे

‘आय-फाइव्ह आहे ना, मग झाले’ हे वाक्य दुकानात फार ऐकू येते. केवळ आय-फाइव्ह किंवा आय-सेव्हन एवढ्यावरून काहीच ठरत नाही. इंटेलचा २०१६ सालचा आय७-७५००यू घ्या: त्यात कोअर फक्त दोन आहेत. त्यानंतर वर्षभरात आलेल्या आय५-८२५०यू मध्ये ते चार आहेत, आणि ग्रेडल अनेक कामे एकाच वेळी वाटून देत असल्याने बिल्डमध्ये हा ‘लहान’ आय-फाइव्ह त्या ‘मोठ्या’ आय-सेव्हनला सहज मागे टाकतो. जुन्या लॅपटॉपच्या बाजारात हा फरक माहीत नसल्याने लोक जास्त पैसे देऊन कमी क्षमतेचे यंत्र घरी नेतात.

एएमडी या कंपनीच्या रायझन प्रोसेसरमध्येही असाच सापळा आहे. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू ही दोन नावे जवळपास सारखी दिसतात. पहिल्यात चार कोअर असून त्याची रचना झेन २ या जुन्या पिढीची आहे. दुसऱ्यात सहा कोअर आहेत आणि रचना झेन ३ ची आहे. सात हजारांच्या या मालिकेत डावीकडून तिसरा आकडा रचनेची पिढी सांगतो, म्हणून सगळे लक्ष त्या आकड्यावर द्यावे. शिवाय ७५२०यू असलेल्या लॅपटॉपमध्ये रॅम डाखलेलीच असते, त्यामुळे ८ जीबीचे असे यंत्र ॲप बनवणाऱ्याने घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

इंटेलच्या नावाच्या शेवटी ‘यू’ असेल तर तो प्रोसेसर वीज कमी घेणारा आणि ‘एच’ असेल तर वीज जास्त घेऊन जोमाने काम करणारा असतो. एच असेल तर बिल्ड लवकर होते, पण बॅटरी लवकर उतरते आणि पंखा मोठ्याने वाजतो. वसतिगृहात किंवा घरी टेबलावर बसून काम करणाऱ्याने एच घ्यायला हरकत नाही. रोज धरणगाव-जळगाव किंवा शिंदखेडा-धुळे अशी ये-जा करणाऱ्याला यू मालिकेतला, परंतु पुरेशा कोअरचा प्रोसेसर सोयीचा पडतो. नव्या खरेदीत सहा किंवा अधिक कोअर असावेत. सेलेरॉन आणि तत्सम स्वस्त प्रोसेसर पत्रव्यवहारासाठी ठीक आहेत, या कामासाठी नाहीत.

साठवणीची जागा

येथे फार विचार करण्याचे कारण नाही. जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क मुख्य साठवण म्हणून मुळीच नको. एनव्हीएमई प्रकारची एसएसडी असावी, कारण बिल्डच्या वेळी हजारो लहान फाइल वाचल्या-लिहिल्या जातात आणि हार्ड डिस्कची सुई तिथेच थकते. अँड्रॉइड स्टुडिओ, त्याची साधने, एक-दोन एम्युलेटर आणि ग्रेडलने उतरवून ठेवलेले तयार भाग मिळून तीस-चाळीस जीबी सहज जातात. ५१२ जीबी घ्यावी. २५६ मध्ये भागते, पण सतत साफसफाई करावी लागते.

या साधनांसाठी इंटरनेटही भरपूर लागते. दिवसाला दीड-दोन जीबीच्या मोबाईल पॅकवर पहिली स्थापना करायला बसल्यास ती अर्ध्यावर थांबते. ती महाविद्यालयाच्या किंवा मित्राच्या वाय-फायवर उरकून घ्यावी. एकदा सारे उतरवून झाले की ग्रेडलला ‘ऑफलाइन’ ठेवून गावी नेट नसतानाही बिल्ड करता येते.

ग्राफिक्स कार्डवर खर्च का करू नये?

आरटीएक्ससारखे वेगळे ग्राफिक्स कार्ड असलेला ‘गेमिंग’ लॅपटॉप घ्यावा, असा आग्रह होतो. सर्वसाधारण ॲपच्या बिल्डमध्ये या कार्डाचा वाटा जवळजवळ शून्य असतो आणि एम्युलेटरला प्रोसेसरमध्येच असलेले ग्राफिक्स पुरते. त्रिमितीय खेळ बनवायचे असतील किंवा यंत्रशिक्षणाची मॉडेल लॅपटॉपवरच तयार करायची असतील, तरच हा खर्च सार्थकी लागतो. एरवी त्याच पैशातून १६ जीबी रॅम आणि चांगला पडदा मिळतो. गेमिंग लॅपटॉपच्या बाजूने एक गोष्ट मात्र खरी आहे: त्यांची थंड राहण्याची व्यवस्था दणकट असते आणि बहुतेकांत रॅमच्या दोन खाचा असतात. उन्हाळ्याचा विचार करता हा मुद्दा आपल्याकडे हलका नाही.

मे महिन्यातली दुपार

लॅपटॉप निवडण्याविषयीचे सल्ले बहुतेक वेळा वातानुकूलित खोलीत बसून लिहिलेले असतात. भुसावळ-जळगावात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि वरच्या मजल्यावरच्या, पत्र्याच्या किंवा तापलेल्या स्लॅबच्या खोलीत रात्रीही उकाडा उतरत नाही. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपन्या साधारणपणे ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापर करण्यास सांगतात. ॲपलने आपल्या लॅपटॉपसाठी १० ते ३५ अंश अशी मर्यादा दिली आहे. आपल्या विद्यार्थ्यांचे परीक्षेचे आणि प्रकल्पांचे दिवस नेमके या मर्यादेबाहेरचे असतात.

याचा परिणाम हिशेबाने दाखवता येतो. प्रोसेसर साधारण १०० अंशांपर्यंत तापू शकतो. त्यापुढे जाऊ नये म्हणून तो आपला वेग स्वतःच कमी करतो. त्याची उष्णता पंख्याने ओढलेली खोलीतली हवा वाहून नेते आणि किती उष्णता वाहून नेली जाईल हे प्रोसेसर आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर अवलंबून असते. खोली २५ अंशांवर असेल तर हा फरक ७५ अंशांचा असतो, ४५ अंशांवर असेल तर ५५ चा. म्हणजे तोच पंखा मे महिन्यात सुमारे पाव हिस्सा कमी उष्णता बाहेर टाकतो. जानेवारीत झपाट्याने होणारे बिल्ड मे महिन्यात रेंगाळते ते बहुधा यामुळे, आणि अशा वेळी विंडोज नव्याने टाकून काही साधत नाही.

म्हणून आपल्याकडे अति पातळ लॅपटॉप टाळावा. हवा आत घेण्याच्या आणि बाहेर टाकण्याच्या जाळ्या मोठ्या असाव्यात आणि पंखा साफ करण्यासाठी मागचे झाकण सहज उघडता आले पाहिजे, कारण जिनिंगच्या आसपासच्या गावांत कापसाचे तंतू आणि उन्हाळ्यातला फुफाटा मिळून पंख्यावर नमद्यासारखा थर बसतो. वर्षातून एकदा तो काढून घ्यावा. लॅपटॉप गादीवर ठेवू नये. मागची बाजू थोडी उचलून ठेवली तरी फरक पडतो. कूलरची हवा खोलीत खेळू द्यावी, पण दमट झोत थेट यंत्रावर येऊ देऊ नये. जड काम पहाटे किंवा उशिरा रात्री करण्याची आपली जुनी सवय येथेही कामाला येते.

बॅटरीलाही उष्णता मानवत नाही, आणि तापलेल्या खोलीत ती सतत शंभर टक्के भरलेली राहिली तर लवकर निकामी होते. बहुतेक कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते. उन्हाळ्यात ती चालू ठेवावी, आणि ज्या दिवशी वीज जाणार असल्याचे आधी कळले असेल त्या दिवशी पूर्ण चार्ज करावे. विजेचा दाब कमी होण्याची भीती मात्र लॅपटॉपला फारशी नसते. त्याच्या चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असते, म्हणजे दाब उतरला तरी तो काम करत राहतो.

आयफोनचे ॲप बनवायचे तर मॅकच घ्यावा लागतो का?

हो, शेवटच्या टप्प्यात मॅक लागतोच. आयफोनच्या ॲपसाठी लागणारे एक्सकोड हे सॉफ्टवेअर फक्त ॲपलच्या मॅकओएस प्रणालीवर चालते. मात्र शिकण्याच्या सुरुवातीलाच मॅक घेण्याची गरज नाही. फ्लटर किंवा रिॲक्ट नेटिव्ह ही साधने वापरून एकदाच लिहिलेल्या मजकुरातून अँड्रॉइड आणि आयफोन अशी दोन्ही ॲप तयार होतात. सारे काम विंडोजवर करून आयफोनचे अंतिम बिल्ड इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या मॅकवर करता येते. ॲप प्रसिद्ध करण्याचा खर्चही ध्यानात घ्यावा: गुगल प्लेवर एकदाच २५ डॉलर भरावे लागतात, तर ॲपलला दरवर्षी ९९ डॉलर.

मॅक घ्यायचाच असेल तर दोन गोष्टी पाळाव्यात. ॲपलने नोव्हेंबर २०२० मध्ये स्वतःच्या एम१ चिपपासून नवी मालिका सुरू केली. त्याआधीचा इंटेल चिपचा जुना मॅक स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये, कारण मॅकओएसची २०२५ सालची आवृत्ती ही इंटेल मॅकना मिळालेली शेवटची आवृत्ती असल्याचे कंपनीने जाहीर केले आहे. दुसरे म्हणजे, मॅकबुकमधली रॅम नंतर वाढवता येत नाही, म्हणून ८ जीबीवर समाधान मानू नये. एम मालिकेच्या मॅकबुक एअरमध्ये पंखाच नसतो. त्याची चिप मुळात कमी तापते हे खरे, तरी मे महिन्यात सलग जड बिल्ड करायची असतील तर हेही लक्षात असू द्यावे.

जुना लॅपटॉप, डेस्कटॉप, की काहीच नाही?

कंपन्यांनी वापरून काढलेले थिंकपॅड, लॅटिट्यूड किंवा एलिटबुक मालिकेतले लॅपटॉप दुरुस्त करून विकले जातात. त्यांची बांधणी मजबूत असते आणि पुष्कळांमध्ये रॅम वाढवता येते, म्हणून कमी बजेटमध्ये हा मला सर्वांत चांगला मार्ग वाटतो. इंटेलची आठवी पिढी (वर आलेला आय५-८२५०यू याच पिढीचा) ही त्यात खालची मर्यादा मानावी. विंडोज १० ला मिळणारा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासूनच चालते. बॅटरी किती शिल्लक आहे ते मात्र तपासावे, बहुधा ती बदलावी लागते.

घरातच बसून शिकायचे असेल आणि इन्व्हर्टर असेल तर डेस्कटॉप त्याच पैशात अधिक ताकद देतो आणि उन्हाळ्यात थंडही राहतो. पण महाविद्यालयात प्रकल्प दाखवायला तो उचलून नेता येत नाही, आणि वीज गेली की न साठवलेले काम जाते.

ज्यांच्याकडे यंदा पैसेच नाहीत, त्यांनीही वर्ष वाया घालवू नये. कोटलिन भाषा ‘कोटलिन प्लेग्राउंड’ या संकेतस्थळावर आणि फ्लटरसाठी लागणारी डार्ट भाषा ‘डार्टपॅड’वर ब्राउझरमध्येच शिकता येते. एमआयटी या विद्यापीठाचे ‘ॲप इन्व्हेंटर’ तर महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतल्या जुन्या संगणकावरही चालते आणि त्यात बनवलेले ॲप लगेच फोनवर दिसते.

दुकानात काय पाहावे

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये घ्या, धुळ्यात घ्या की ऑनलाइन मागवा, माहितीपत्रकावर विसंबून राहू नका. दुकानात सुरू करून ठेवलेल्या लॅपटॉपवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातला ‘परफॉर्मन्स’ हा भाग उघडावा. ‘सीपीयू’मध्ये कोअर किती आहेत आणि व्हर्च्युअलायझेशन चालू आहे की नाही, हे दिसते. ‘मेमरी’मध्ये ‘स्लॉट्स यूज्ड’ ही ओळ शोधावी. तिथे दोनपैकी एक असे दिसले तर एक खाच रिकामी असण्याची चांगली शक्यता आहे. त्याच ठिकाणी ‘फॉर्म फॅक्टर’पुढे ‘एसओडीआयएमएम’ असेल तर पट्टी खाचेत बसवलेली आहे, आणि ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर रॅम डाखलेली आहे. काही लॅपटॉपमध्ये थोडी रॅम डाखलेली आणि सोबत एक खाच अशी मिश्र रचना असते, म्हणून मॉडेलचा पूर्ण क्रमांक लिहून घेऊन कंपनीच्या संकेतस्थळावर पडताळावा. दुकानदार एवढा वेळ देत नसेल, तर दुसरे दुकान पाहावे.

विंडोज ‘एस मोड’मध्ये असेल तर अँड्रॉइड स्टुडिओ बसवता येत नाही, तो मोड सेटिंग्जमधून मोफत काढता येतो, पण मग परत लावता येत नाही. पडदा फुल एचडी असावा, नाहीतर मजकूर आणि फोनचे चित्र शेजारी-शेजारी मावत नाही. सेवा केंद्र आपल्या जिल्ह्यात आहे की नाशिकला जावे लागते, आणि तंत्रज्ञ घरी येण्याची हमी नंदुरबार-शहाद्यापर्यंत लागू आहे का, हे बिल करण्यापूर्वी विचारून घ्यावे. रॅमची पट्टी स्वतः बसवल्यास हमी राहते की जाते, हेही तेव्हाच लेखी घ्यावे.

घरी आणल्यावर खोके फेकू नये. बदलून मिळण्याची मुदत थोड्याच दिवसांची असते, म्हणून त्या मुदतीतच अँड्रॉइड स्टुडिओ बसवून एक रिकामा प्रकल्प तयार करावा, फोन जोडून तो पाच-सहा वेळा बिल्ड करावा आणि त्या वेळी टास्क मॅनेजर शेजारी उघडा ठेवावा. पहिले बिल्ड लांबते, कारण तेव्हा सारे तयार भाग नेटवरून उतरत असतात. तिसऱ्या-चौथ्या बिल्डलाही मेमरीचा आलेख माथ्याला टेकून राहिला, किंवा खोली थंड असूनही प्रोसेसरचा वेग सतत खाली पडत राहिला, तर बिल आणि खोके घेऊन मुदत संपण्याआधी दुकान गाठावे.